कॅसेटच्या शेवटी दोघी

आई, परवा माझ्या मुलीने तिची ती कानात घालायची बोंडं माझ्या कानात कोंबली आणि म्हणाली, "ऐक. कुणालाच माहीत नाहीत हे. तीन मुलं आहेत, घरात बसून गाणी करतात." मी ऐकलं. मागे काहीतरी थप् थप् वाजत होतं आणि एक मुलगा नुकताच झोपेतून उठल्यासारखा गात होता. "कसंय?" तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाकरीवाल्यांसारखं." "कोण भाकरीवाले?" आता हिला काय सांगायचं? मी म्हटलं, "तुझ्या आजीच्या ओळखीचे होते." तिने तुला पाहिलेलं नाही. भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय तेवढंच, आणि त्या फोटोत तू अशी गंभीर चेहरा करून बसली आहेस की तुझ्या ओळखीत इंग्रजी गाणी म्हणणारी पोरं होती, यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. लेक हसून निघून गेली. मी मात्र तिथेच बसून राहिले, आणि आता हे लिहायला घेतलंय. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगावी की नाही हे लिहिता लिहिता ठरवीन.

आपण गिरगावातली जागा सोडून वाशीला आलो तेव्हा मी शाळेत होते. खाडीवरचा पूल तेव्हा नवा होता आणि बाबांना वाटत होतं की पुलापलीकडे सगळंच नवं असणार. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते, कंपनीची बस दारापाशी यायची, म्हणून ते खूश. तू खूश नव्हतीस. संध्याकाळी वारा सुटला की खाडीचा वास थेट स्वयंपाकघरात शिरायचा आणि बाल्कनीतून बघावं तर गवत, चिखल आणि अर्धवट उभ्या इमारती. गिरगावात भिंतीपलीकडे कुणाचा ना कुणाचा रेडिओ चालू असायचा, कुणी भांडत असायचं, कुणी पाढे म्हणत असायचं. इथे दुपारी पोस्टमन जिना चढला तरी ऐकू यायचं. "अगो, इथे कान अगदी रिकामे पडलेत," असं तू म्हणायचीस. मी हसायचे. कान रिकामे पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळत नव्हतं.

मावशीबद्दलही मला फार माहीत नव्हतं. तुझी धाकटी बहीण, जी मी पाहिलीच नाही. देवरुखकडच्या तुमच्या गावात तुम्हांला कुणी वेगवेगळी हाक मारत नसे, नुसतं 'दोघी' म्हणत. आरतीला दोघींना बोलवा, हळदीकुंकवाला दोघींना पुढे बसवा. तुमचे आवाज असे मिसळायचे की कोण वर आणि कोण खाली ते आजोबांनाही सांगता यायचं नाही, असं मामा सांगायचा. तुझं लग्न झालं आणि पुढच्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. तू यातलं कधी काही बोलली नाहीस. मला एवढंच आठवतं की गणपतीत सगळे आरत्या म्हणायचे तेव्हा तू टाळ्या वाजवायचीस आणि नुसते ओठ हलवायचीस. बाबांनी एकदा विचारलं होतं, "अगं, मोठ्याने म्हण की." तू नैवेद्याचं पान आणायला आत निघून गेलीस. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मामा बोटीवर फिटर होता. वर्ष-दीड वर्षाने एकदा उगवायचा, पांढऱ्या बुटांत आणि भलत्याच वासाच्या अत्तरात. त्याने तुझ्यासाठी डबल डेक आणला. एकीकडे कॅसेट वाजते, दुसरीकडे भरली जाते, हे बघायला शेजारीपाजारी येऊन गेले. "ताई, कॅसेट भरून द्यायचं काम सुरू कर," तो म्हणाला. "या तुमच्या नव्या गावात साधं दुकान नाही. गाणी लोक आणतील, तू भर." मग त्याने खोकंभर जुन्या कॅसेट काढल्या. "कोऱ्या परवडत नाहीत. या घे. तिकडे बंदरावरच्या बाजारात ढिगाने पडलेल्या असतात. पोरंटोरं स्वतःच गातात, स्वतःच भरतात, स्वतःच विकायला बसतात. कोणी ढुंकून बघत नाही. वरच्या खाचांवर कागद चिकटव, म्हणजे पुन्हा भरता येतं, आणि बिनधास्त पूस." बाबांनी एक कॅसेट उलटसुलट करून पाहिली. कव्हर म्हणजे हाताने रंगवलेला जाड कागद, त्यावर एक वाकडी छत्री. "हे असलं घेतं कोण?" ते म्हणाले. मामा म्हणाला, "तेच तर सांगतोय, भावजी."

तू पुसायला बसलीस त्या दुपारी मी घरी होते. तू कागद चिकटवलास, बटणावर बोट ठेवलंस आणि थांबलीस. "पुसायच्या आधी एकदा ऐकू तरी. कुणीतरी मान मोडून केलं असेल." झालं, तिथून सगळं सुरू झालं. डेक स्वयंपाकघरात फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी. तू भाकरी थापतेस आणि परातीतल्या तुझ्या हाताच्या तालावर कुणी अनोळखी पोरगा लांब कुठेतरी ढोल बडवतो आहे. "अगो बाय, हा माझ्याबरोबर थापतोय!" तू ओरडलीस. नाव काय म्हणून विचारलंस. मी कव्हर वाचलं आणि अर्थ सांगितला, 'मंगळवारचे मोजे'. "हे काय नाव झालं? आपण भाकरीवाले म्हणू." असे ते भाकरीवाले. मग सर्दीवाला आला, तो नाकात गायचा. जिन्यातला मुलगा आला. त्याचा आवाज असा घुमायचा की तू म्हणालीस, "याला घरातून बाहेर घालवलाय, जिन्यात बसून गातोय बिचारा." इंग्रजी तुला येत नव्हतं. मी शब्द सांगायला लागले की तू हात हलवायचीस. "राहू दे. मला कळतंय काय म्हणतोय ते." आणि खरंच, बऱ्याचदा तुझं बरोबर असायचं. सर्दीवाल्याच्या एका गाण्यात म्हणे तो घर बदलून आला होता आणि त्याला तिथे करमत नव्हतं. मी शब्द लावून पाहिले तर ते गाणं खोक्यांचं आणि दोरीचं निघालं. म्हणजे बहुतेक घर बदलण्याचंच.

हळूहळू फळीवर दोन चळती झाल्या. एक 'पुसायच्या' आणि एक 'ठेवायच्या'. ठेवायच्या चळतीत फारच थोड्यांना जागा मिळायची. बाकीच्यांवर लोकांची भक्तिगीतं, लग्नाची गाणी, पोवाडे चढायचे. पण पुसणं तुझ्या जिवावर यायचं, आणि त्यातून तू एक रीत काढलीस. प्रत्येक बाजूच्या शेवटी थोडी पट्टी उरतेच. गिऱ्हाइकाची गाणी संपतात, आणखी एक अख्खं गाणं काही मावत नाही, उरलेली पट्टी नुसती खरखरत जाते. त्या जागी तू पुसलेल्या कॅसेटमधलं एक गाणं भरायचीस. "सगळं नाही राहिलं तरी एक कुठेतरी राहायला हवं," म्हणायचीस. आणि कुणाच्या शेवटी कुणाला बसवायचं हे तू असं ठरवायचीस जसं कुणी मुलीसाठी स्थळ बघतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंचे यजमान आखातात होते, त्यांच्या भजनांच्या शेवटी जिन्यातला मुलगा. केमिस्टकडचा कंपाउंडर दिवसभर उभा असायचा, त्याला भाकरीवाले, "पाय हलले तर बरं वाटेल त्याला." बोलायची मात्र कुणाशी काही नाहीस. लोक घरी जायचे, कॅसेट लावायचे, आणि अभंगानंतर अचानक कुणी गोरा मुलगा नाकात गायला लागायचा. काही जण तक्रार घेऊन यायचे. "वहिनी, तुमच्या मशीनमध्ये कायतरी घुसलंय." तू गंभीरपणे म्हणायचीस, "हो का? पुसून देऊ का?" आणि गंमत म्हणजे बरेच जण डोकं खाजवत म्हणायचे, "नको, र्‍हाऊ दे. काय त्रास नाय त्याचा."

तुझी बोलणी मी एकदाच खाल्ली ती याच पायी. कॉलेजला जायला लागले होते, जरा शिंगं फुटली होती. एका गिऱ्हाइकाला मी दारातच सांगून टाकलं, "शेवटचं गाणं नक्की ऐका हं, फार सुंदर आहे, जगात कुणाला माहीत नाही." तो "हो हो" म्हणत गेला. दार लागल्यावर तू माझ्याकडे असं बघितलंस की मी हातातला पेला खाली ठेवला. "आधी सांगितलंस ना, आता तो गाणं ऐकणार नाही. तुला काय सांगायचं याचा विचार करत बसेल. आवडलं नाही तरी आवडलं म्हणेल, आणि ते तर सगळ्यात वाईट." मग म्हणालीस, "माणसाच्या वाटेत ठेवून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. उचललं तर उचललं." आज लोक फोनवर एकमेकांना दिवसभर गाणी पाठवतात, हे ऐकलंच पाहिजे, ते ऐकलंच पाहिजे. मीही पाठवते. आणि दर वेळी मला तो पेला आठवतो.

सगळ्यांच्या वाटेत तू गाणी ठेवलीस, पण तुला खरं हवे होते ते एकटे बाबा. ते काही उचलत नव्हते. बाबांचा कान म्हणजे काय होता हे मी तुला सांगायची गरज नाही. लग्नाआधी गिरगावात ते पेटी वाजवायचे. वाशीला पेटी पलंगाखाली गेली, पण कान जागच्या जागी राहिला. पंखा काळी दोनमध्ये घरघरतो, कुकरची तिसरी शिट्टी जरा उतरते, हे ते जेवता जेवता सांगायचे. त्यांना नाट्यपदं लागायची. रविवारी दुपारी जेवण झालं की खुर्ची डेकजवळ ओढायची, डोळे मिटायचे, पद ऐकायचं. आणि पद संपून शेवटचा सूर विरला रे विरला की डोळे न उघडता हात पुढे, आणि खट्. बंद. तू दर नव्या कॅसेटच्या शेवटी त्यांच्यासाठी वेगळं कुणीतरी ठेवायचीस. भाकरीवाले ठेवलेस, जिन्यातला ठेवलास. खट्. तू स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन उभी, मी पुस्तकाआडून बघतेय, आणि खट्. मला राग यायचा. "आई, तू सांग ना त्यांना एकदा ऐका म्हणून!" तू म्हणायचीस, "सांगायचं नाही. आज ना उद्या त्यांना हात पुढे करायचा कंटाळा येईल." वर्षं गेली. कंटाळा काही येईना.

मग एका फेरीत मामाने त्या दोघींना आणलं. हिरव्या पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर खडूने काढलेली दोन झाडं, आत नाव नाही, गाव नाही, काही नाही. तू लावलीस आणि पीठ मळता मळता तुझे हात थांबले. एक गिटार, तीही जरा बिचकत वाजणारी, आणि दोन मुलींचे आवाज. एक वर, एक खाली, मधेच एकमेकींच्या जागा घेणारे. तू तशीच उभी राहिलीस, हाताला पीठ लागलेलं. बाजू संपली तेव्हा मनगटाने डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "बहिणी आहेत." मी म्हटलं, "कशावरून?" तू म्हणालीस, "एकत्र लहानाचं मोठं झाल्याशिवाय असं येत नाही." त्यानंतर महिनोन् महिने आपल्या घरात त्याच दोघी. तू त्यांना आपापली स्वयंपाकघरं दिलीस, भांडणं दिलीस, मोठीचं लग्न ठरवलंस, धाकटी अजून शिकतेय म्हणालीस. आणि एक दिवस मी कॉलेजातून आले तर जिन्यातच माझे पाय थांबले. आत कॅसेट चालू होती आणि तू गात होतीस. शब्द काहीच्या बाहीच, पण सूर नेमका खालचा, तिसरा. मी तुला गाताना पहिल्यांदा ऐकत होते, आई. दार उघडलं असतं तर तू थांबली असतीस, म्हणून बाजू संपेपर्यंत मी जिन्यातच बसून राहिले.

आणि त्याच दोघींवर पाळी आली. लग्नसराई होती. वाशीला लागूनच्या जुहूगावातल्या आगरी काकी संध्याकाळी धापा टाकत आल्या, उरणच्या नणंदेकडून हळदीच्या गाण्यांची कॅसेट मागून आणलेली, दुसऱ्या दिवशी मुलाची हळद. "बाय, यवरी भरून दे. नणंदेला उद्याच परत दियाची हाय, न आमचे मांडवात रातभर लागंल." तुझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. मार्केटमध्ये कुणाकडेच नव्हती, 'पुसायच्या' चळतीचा तळ लागलेला. मुंबईला जाऊन आणायला वेळ नव्हता. राहिल्या ठेवायच्या. भाकरीवाल्यांची पट्टी एकदा तुटून मी चिकटपट्टीने जोडलेली, ती हळदीत दगा देणार. जिन्यातल्या मुलाची कॅसेटच लहान, त्यात अर्धी गाणी राहिली असती. तू हिरवा पुठ्ठा हातात घेतलास. मी म्हटलं, "आई, नाही म्हण. सरळ नाही म्हण." काकी दारात पदराने वारा घेत उभ्या. त्यांच्याकडे बघून तू मला हळूच म्हणालीस, "अगो, तिच्याकडे मुलाची हळद आहे." आणि कागद चिकटवलास. एकेक हळदीचं गाणं चढत गेलं, खाली एकेक गाणं पुसत गेलं, आणि तू डेककडे पाठ करून विनाकारण ओटा धूत राहिलीस. हळदीची गाणी संपली तेव्हा दुसऱ्या बाजूच्या शेवटी दोघींचं एकच गाणं उरलं होतं, होतं तिथेच. तू हात लावला नाहीस. "एक राहिलं," म्हणालीस. त्या दिवशी तू जेवली नाहीस. बाबांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणालीस.

चारेक दिवसांनी काकी पुन्हा दारात. हातात तीच कॅसेट. तुझा चेहरा पडला. मांडवात, गावासमोर, लाउडस्पीकरवर ते गाणं लागलं असणार हे तेव्हा कुठे आपल्या डोक्यात आलं. "काकी, चुकून राहिलं हो ते शेवटचं, मी पुसून देते," तू घाईघाईने म्हणालीस. काकी उंबऱ्यातच बसल्या. "पुसतंस कशाला? ऐक त खरी. आमचे अंगनात बाया नाचून नाचून दमल्या. पन बसंल कोन? एक बसली का दुसरी हसाला मोकली. न लावनारा पोरगा गेला जेवाला. मंग ती गानी सरली न या दोगी पोरी आल्या. यांच्यावर काय नाचाला येत नाय. समद्या बाया खाली बसल्या. मीपन बसले. चार दिसांत पैल्यांदा बूड टेकलं बग माजं." मग म्हणाल्या, "बऱ्या गातान पोरी. माजे भाचीची हळद हाय घनसोलीला. तिचे कॅसेटला पन टाक ते बसाचं गानं." तू हसायला लागलीस. हसता हसता खाली त्यांच्याशेजारी उंबऱ्यात बसलीस आणि मला चहा टाकायला सांगितलास.

त्यानंतर जुहूगाव, घणसोली, कोपरखैरणे, कुठली कुठली माणसं दार शोधत यायची आणि म्हणायची, "हलदीची भरून द्या, न शेवटाला बसाचं गानं टाका." दूर कुठल्या थंड बंदरावर पुठ्ठ्याला खडू फासून त्या पोरींनी कॅसेट विकायला ठेवली होती, कुणी घेतली नव्हती. आणि इथे मांडवामांडवात हळद खेळून दमलेल्या बायका त्यांच्या गाण्याला पाय पसरून बसत होत्या. त्यांना हे कधी कळायचं नाही म्हणून तुला हळहळ वाटायची. मामाला तू दर फेरीला बजावायचीस की त्या बाजारात विचार, दोन बहिणी, हिरवं कव्हर. तो हो म्हणायचा आणि पांढरे बूट घेऊन यायचा. काकींच्या कॅसेटवरून तू ते गाणं उतरवून घेतलंस, आणि पहिल्यांदा कुणासाठी, तर बाबांसाठी. त्यांच्या सगळ्यात लाडक्या पदांच्या कॅसेटच्या शेवटी. रविवार आला. तू दारात. या वेळी लाटणंसुद्धा हातात नव्हतं. पद संपलं, आणि खट्. तू आत वळलीस. त्यानंतर त्या कॅसेटच्या शेवटी तू दुसरं काही ठेवलं नाहीस. दर रविवारी दोघी, दर रविवारी खट्. आणि तू पुढच्या रविवारी पुन्हा दारात.

तुझं आजारपण फार लांबलं नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, समोरच्या चिखलात इमारती उभ्या राहिल्या होत्या, लोक तयार कॅसेट दुकानातून घ्यायला लागले होते. तू गेलीस तेव्हा डेकवर एक रुमाल झाकलेला होता, तूच घातलेला. काकी आल्या होत्या. त्या माझ्याशेजारी बसून राहिल्या आणि जाताना डेककडे बघून त्यांना हुंदका आला. मला मात्र बाबांचा राग होता. तो रडण्यात मिसळून गेला, पण होता. एक गाणं, आई. एवढी वर्षं एक बाई दारात उभी राहते आणि या माणसाला एक गाणं ऐकवत नाही.

महिन्याभराने असेल, रविवारची दुपार. आम्ही दोघं जेवलो, मी भांडी आवरत होते. बाबांनी रुमाल काढला, घडी करून खिशात ठेवला, खुर्ची ओढली. पद लागलं. मी दारात येऊन उभी राहिले, का ते माहीत नाही. शेवटचा सूर विरला. त्यांचा हात मांडीवरच राहिला. गिटार बिचकत सुरू झाली, आणि मग दोघी. बाबा डोळे मिटून बसले होते आणि बोटं गुडघ्यावर पेटी वाजवत होती, अडखळत नव्हती, प्रत्येक सुराच्या आधी तिथे पोचत होती. गाणं पाठ असल्याशिवाय हे होत नाही एवढं मलाही कळतं. कॅसेट संपली. आपलं आपण बटण वर उडालं. मी म्हटलं, "तुम्ही हे ऐकलंय." बाबा म्हणाले, "मी घरी असलो की दुसरं काय वाजायचं? आणि ती बाजारात गेली की मी लावायचो." माझा आवाज चढला. "मग तिच्यासमोर का बंद करायचात? ती त्या दारात उभी असायची!" "माहीत आहे." त्यांनी कॅसेट काढून हातात घेतली. "बाकीचे नाही जमले मला. तो नाकात गाणारा तर बेसूरच होता. पण हे…" मग म्हणाले, "दोघी नाहीत गं त्या. एकच मुलगी आहे. आधी एकदा गायली, मग त्याच्यावर पुन्हा गायली. वरच्या आवाजात जिथे ती घसरते ना, तिथेच खालच्या आवाजातही घसरते. श्वासही तोच. दोन माणसं एकाच जागी सारखीच चुकत नाहीत. पहिल्या दिवशीच कळलं मला." मी दारातच खाली बसले. "तिच्यासमोर ऐकलं असतं तर ती विचारणार, कसं वाटलं? गाण्याच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. माझ्या तोंडून निघून गेलं असतं. आणि ती…" त्यांनी खिशातला रुमाल काढला. "ती गायला लागली होती. तिला त्या दोघी हव्या होत्या."

एवढंच मला तुला सांगायचं होतं. बाबांनी ऐकलं होतं, आई. तुझ्या वाटेत ठेवलेल्या गाण्यांतलं हे एक त्यांनी उचललं होतं, आणि तू ज्या रविवारी दारातून आत वळलीस त्याच्याही आधी उचललं होतं. हे तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस, लाजली असतीस, चिडली असतीस, शिरा केला असतास, याची चित्रं मी इतकी वर्षं मनातल्या मनात रंगवत आले आहे. आता बाबाही नाहीत. हे माहीत असलेली मी एकटीच उरले, आणि पहिल्यांदाच सगळं कागदावर उतरवलंय. पण आता पहिल्यापासून वाचते तर लक्षात येतं की तुला ते द्यायचं तर त्याबरोबर दुसरंही सांगावं लागतं. कुठल्याशा बंदरावर एक एकटी मुलगी होती, तिला जोडीला कुणी नव्हतं, म्हणून ती स्वतःच्याच आवाजाला साथ करत बसली होती. आणि तिसरा आवाज लावून तू जिच्याबरोबर गात होतीस ती कुणाचीच बहीण नव्हती.

हे पत्र तुझ्या फोटोच्या मागे ठेवायचं असं ठरवून मी बसले होते. नाही ठेवत. जे बाबांनी दर रविवारी हात पुढे करून तुझ्यापासून लपवलं ते मी कोण सांगणार? घडी करून माझ्याच कपाटात राहील. लेकीने परवा विचारलं, ते भाकरीवाले शोधून देऊ का, आजकाल सगळं सापडतं. ते शोध म्हटलं. हिरव्या कव्हरबद्दल मी तिला सांगितलेलं नाही. बाबांची ती कॅसेट माझ्याजवळ आहे, अजून वाजते. ती घसरण कुठे येते ते मला आता नीट ठाऊक आहे, दर वेळी मी तिथे कान देऊन बसते, आणि खरं सांगू का, मला अजून दोघीच ऐकू येतात.